लिलिथ आदमची बायको होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे : "लिलिथ ही आदमची पहिली बायको होती आणि तिला बायबलमधून मुद्दाम काढून टाकलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. हे कितपत खरं? ती आपल्याकडच्या हडळीसारखी का? तिच्यासारख्या आणखी कोण कोण आहेत? आणि तिच्या नावांच्या यादीत 'काली' हे नाव दिसलं, त्याचं काय?"

गेली 22 वर्षं मी अक्कादी आणि अरामी या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषांतले मंत्र वाचते आणि शिकवते, त्यामुळे उत्तर लांबणार. पण मुद्द्याचं आधी सांगते. बायबलमधून लिलिथला कुणीही काढलेलं नाही, कारण आदमची बायको म्हणून ती तिथे कधी नव्हतीच. बायकोची ही गोष्ट पहिल्यांदा सलग सापडते ती इसवी सनाच्या आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान रचलेल्या एका हिब्रू पुस्तकात. लिलिथ हे नाव त्याच्या हजार वर्षं तरी आधीचं, आणि तिच्या घराण्यातल्या थोरल्या बायका त्याहूनही कितीतरी जुन्या. त्यांचा आदमशी काही संबंध नाही. त्यांचा संबंध आहे बाळंतिणीच्या खोलीशी. तो धरून चाललं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

एक मातीचा वाडगा डोळ्यांपुढे आणा. चाकावर घडवलेला, भाजलेला, कुठल्याही घरात जेवायला असेल तसा. आतून मात्र तो काळ्या शाईने अक्षरांनी भरलेला. ओळ तळापाशी सुरू होते आणि गोल गोल फिरत कडेपर्यंत येते, म्हणून वाचणाऱ्याला वाडगा हातात फिरवत राहावा लागतो. फोटोवरून वाचताना मी छापलेलं पान तसंच फिरवत जाते. तळाशी कधी कधी एक चित्र असतं : ओबडधोबड, एखाद्या मुलाने काढावं तसं. केस मोकळे सोडलेली बाई, हातपाय बेड्यांनी जखडलेले. तीच लिलिथ.

हे वाडगे आजच्या इराकमधले, साधारण पाचव्या ते सातव्या-आठव्या शतकांतले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मोहिमेने 1888 पासून निप्पूर या प्राचीन शहराच्या जागी उत्खनन केलं, तेव्हा तिथल्या घरांतून ते निघाले आणि 1913 मध्ये जेम्स मॉन्टगोमेरी यांनी त्यांतले कित्येक वाचून प्रसिद्ध केले. आज असे दोन हजारांहून जास्त वाडगे ठाऊक आहेत. घराच्या उंबऱ्याखाली किंवा खोलीच्या कोपऱ्यात ते पालथे पुरलेले असत. काही ठिकाणी दोन वाडगे तोंडाला तोंड लावून डांबराने जोडलेले सापडले. लिहून घेणारे सगळे यहुदी नव्हते. अरामीच्या वेगवेगळ्या बोलींत आणि लिप्यांत यहुदी, मंडाई नावाच्या पंथाचे लोक, ख्रिस्ती असे सगळेच शेजारी शेजारी राहत होते आणि भीती सगळ्यांची एकच होती.

आत काय लिहिलेलं असतं, ते बघण्यासारखं आहे. निप्पूरच्या एका वाडग्यात लिलिथला चक्क सोडचिठ्ठी दिलेली आहे. यहुदी कायद्यात नवरा बायकोला जे घटस्फोटाचं पत्र देतो त्याला 'गेट' म्हणतात, आणि वाडग्याची भाषा थेट त्या पत्राची आहे. मंत्र लिहिणारा म्हणतो की समुद्रापलीकडून आमच्याकडे गेट आलं आहे, त्यात तुझं नाव आहे, तुझ्या आईबापांचं नाव आहे. ते घे, आणि उघडी, केस पाठीवर मोकळे सोडलेली, अशी या घरातून चालती हो. पुन्हा या घरात यायचं नाही, स्वप्नातही नाही. या हुकमाला वजन यावं म्हणून तो येहोशुआ बेन पेराह्या या धर्मपंडिताचं नाव घेतो. हा पंडित इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, म्हणजे वाडग्याच्या कितीतरी शतकं आधी होऊन गेलेला. जुन्या न्यायाधीशाच्या शिक्क्याने आजचा हुकूम बजावावा, तसा हा प्रकार.

भुताला सोडचिठ्ठी का? कारण त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे लिलिथ घरातल्या पुरुषाशी नातं जोडून बसते. ती जणू त्याची दुसरी बायको होते, आणि मग खऱ्या बायकोचा आणि तिच्या पोरांचा दुस्वास करते. सवत म्हटलं की मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको. नातं लागलंच आहे, तर ते रीतसर तोडायला हवं. आणि गेट तेव्हाच पक्कं होतं जेव्हा त्यात दोन्ही पक्षांची नावं अचूक असतात. म्हणूनच मंत्र लिहिणारे भुतांची नावं आणि त्यांच्या आईबापांची नावंसुद्धा शोधून शोधून लिहितात. ही मंत्रतंत्राची विक्षिप्त लहर नाही. हा कायदेशीर काटेकोरपणा आहे.

आणखी एक गोष्ट पहिल्या वाचनातच जाणवते. ज्यांच्यासाठी वाडगा लिहिला त्यांची ओळख आईच्या नावाने दिलेली असते. अमकी, तमकीची मुलगी. अमका, तमकीचा मुलगा. बापाचं नाव क्वचितच. कोण कुणाच्या पोटी जन्मलं हे आईपुरतं तरी नक्की असतं, आणि मंत्राला नेमका पत्ता लागतो.

याच प्रदेशात, जवळपास याच काळात बाबिलोनी तालमूद, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तयार होत होता. त्यात लिलिथ येते, पण उभ्या उभ्या. तिचे केस लांब असतात. एकट्याने घरात झोपू नये, झोपणाऱ्याला लिलिथ धरते. एखाद्या बाईचा गर्भ पडला आणि त्याला लिलिथसारखे पंख दिसले, तर शुद्धीचे नियम काय, अशी एक चर्चा आहे. एका ठिकाणी तिचा होर्मिन नावाचा मुलगा माहोझा शहराच्या तटावर धावताना दिसतो. आणखी एका ठिकाणी म्हटलं आहे की एदेनच्या बागेतून बाहेर पडल्यावर आदम 130 वर्षं हव्वेपासून दूर राहिला आणि त्या काळात त्याच्यापासून भुतं, पिशाच्चं आणि लिलिथ जन्मल्या. नीट वाचा : इथे लिलिथ ही आदमची संतती आहे, बायको नाही. तालमूदच्या पंडितांना बायकोची गोष्ट ठाऊक असती तर ती त्यांनी सोडली नसती. त्याहून कितीतरी बारीक गोष्टी त्यांनी सोडलेल्या नाहीत.

आता बायबल. हिब्रू बायबलमध्ये लिलिथ हा शब्द एकदाच येतो, यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (34:14). अदोम देश उजाड होईल, तिथे रानमांजरं आणि तरस भेटतील, बोकडासारखी भुतं एकमेकांना हाका मारतील, आणि लिलिथ तिथे विसावेल, तिला जागा मिळेल. बस, एवढंच. गोष्ट नाही, वर्णन नाही, आदम तर नाहीच. म्हणजे ऐकणाऱ्यांना हे नाव आधीच ओळखीचं होतं, सांगायची गरज नव्हती. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत तर हा शब्द अनेकवचनी आहे, लिलिथ नव्हे, लिलिथा. एक बाई नाही, एक जात.

जात म्हटलं तेच खरं. यहुद्यांच्या आधी मेसोपोटेमियात ही अख्खी जात नांदत होती. सुमेरी भाषेत 'लील' म्हणजे वारा, वाऱ्यासारखं काहीतरी, ज्याला अंग नाही. त्यावरून अक्कादी भाषेत लिलू हा पुरुष, लिलीतू ही बाई, आणि अर्दत-लिली ही तरुण मुलगी. हिब्रूत रात्रीला 'लायला' म्हणतात, म्हणून लिलिथ म्हणजे 'रात्रीची बाई' असा अर्थ पुष्कळ ठिकाणी देतात. ऐकायला तो गोड वाटतो आणि मधल्या काळातल्या यहुद्यांनाही तो पटला असावा, पण शब्दाचं मूळ रात्रीत नाही, वाऱ्यात आहे. वावटळीला आपल्याकडे भुताची फेरी म्हणायचे, ते आठवा.

यातली अर्दत-लिली वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. तिचे मंत्र तिला शिव्या देत नाहीत. ती कोण होती, ते सांगतात. लग्नाच्या वयाची मुलगी, पण तिला नवरा मिळाला नाही. तिच्या वस्त्राची गाठ कुणी सोडली नाही. सणाच्या दिवशी बरोबरीच्या मुलींसोबत ती कधी हसली-खिदळली नाही. तिच्या स्तनांत दूध आलं नाही. ती तशीच मेली, आणि आता वाऱ्यासारखी खिडकीतून आत शिरते आणि एखाद्या तरुणाला धरते, कारण जे तिचं राहून गेलं ते तिला हवं आहे. मांत्रिक तिला हाकलतो, पण हाकलण्याआधी तिचं दुःख ओळीओळीने मोजतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर इतकी माया असेल, असं शिकायला लागले तेव्हा मला वाटलं नव्हतं.

लमाश्तूच्या बाबतीत मात्र माया नाही. या घराण्यातली सगळ्यांत भयंकर ती हीच, आणि लिलिथने पुढे जे जे उचललं ते बरंचसं हिच्याकडून. लमाश्तू ही आकाशदेव अनूची मुलगी. तिच्या दुष्ट बुद्धीमुळे बापानेच तिला स्वर्गातून खाली ढकललं. हे सांगणारा सर्वांत जुन्या मंत्रांपैकी एक अनातोलियात, आजच्या तुर्कस्तानातल्या कानेश इथे स्थायिक झालेल्या असुरियाच्या व्यापाऱ्यांकडचा, जवळपास 3,900 वर्षांपूर्वीचा. व्यापारी माणसं शेकडो कोस दूर गाढवांवर कथील आणि कापड घेऊन गेली, आणि बरोबर लमाश्तूचा मंत्रही घेऊन गेली. बायकापोरं जिथे, तिथे तिची भीती.

मेसोपोटेमियातली बहुतेक भुतं देवांच्या हुकमाने माणसाला पिडतात. लमाश्तूला हुकूम लागत नाही, ती आपण होऊन येते. तिचं डोकं सिंहिणीचं, दात गाढवाचे, नखं लांब, हात रक्ताळलेले. ती गरोदर बाईचे महिने मोजते आणि दिवसांच्या खुणा भिंतीवर करत जाते. बाळंतपणाच्या वेळी पोटाला सात वेळा हात लावते. दाराच्या बिजागरीच्या खाचेतून सापासारखी आत सरपटते. आणि आत आल्यावर ती धमकी देत नाही. तुमचे मुलगे माझ्याकडे आणा, मी त्यांना पाजते, तुमच्या मुली आणा, मी त्यांची दाई होते, असं ती म्हणते. ती पाजते तेच विष. रात्री पाजून निजवलेलं बाळ सकाळी थंडगार, का ते कुणालाच कळलेलं नाही : ज्या घरात हे घडलं असेल त्या घराला ही ओळ समजावून सांगावी लागत नव्हती.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक ब्राँझची पाटी आहे, तळहाताहून थोडी मोठी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. पाठीमागून वरच्या कडेवर हात टेकून एक चेहरा डोकावतो, तो पझुझू नावाच्या भुताचा. पुढच्या बाजूला पट्ट्या आहेत. वर देवांची चिन्हं. त्याखाली जनावरांच्या तोंडाचे सात रक्षक ओळीने. मग खाटेवर झोपलेला आजारी माणूस आणि दोन्ही बाजूंना माशाचं कातडं पांघरलेले दोन पुरोहित. सगळ्यांत खाली नदी, नदीत नाव, नावेत गाढव, गाढवावर लमाश्तू. दोन्ही हातांत साप आणि दोन्ही स्तनांना एकेक पिल्लू लागलेलं, एक कुत्र्याचं, एक डुकराचं. माणसाचं मूल सोड, ही घे तुझी पोरं, असा तो सौदा. आणि समोर तिच्यासाठी मांडलेल्या वस्तू. विधीच्या ग्रंथांतून त्या नीट कळतात : फणी, चाती, तेल, वाटेसाठी शिधा. मातीची लमाश्तू घडवायची, तिला हे सगळं द्यायचं आणि नदीपार, रानात रवाना करायचं. ज्यांनी गावाकडे साथीच्या देवीची ओटी भरून तिला शिवेपार पोचवलेलं बघितलं किंवा आजीकडून ऐकलं आहे, त्यांना या पाटीवरचा शेवटचा पट्टा लगेच वाचता येईल. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी अजिबात म्हणत नाही. हाकलण्यापेक्षा मानाने बोळवण करावी, हे शहाणपण दोन्हीकडे सुचलं.

पझुझूबद्दल एकच सांगते, कारण सिनेमामुळे त्याचा फार गैरसमज झाला आहे. तो स्वतः भूतच, दुष्ट वाऱ्यांचा राजा, पण घराघरात त्याचा उपयोग लमाश्तूला हुसकायला होत असे. त्याच्या मुंडक्याचे लहान ताईत बायका गळ्यात घालत.

मेसोपोटेमिया आणि हिब्रू जग यांच्या मधली एक कडी उत्तर सीरियात अर्सलान ताश इथे 1933 मध्ये हाती आली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचे चुनखडीचे छोटे ताईत, टांगायला वर भोक. काही जणांनी ते बनावट असल्याची शंका घेतली, पण बहुतेक अभ्यासक ते खरे मानतात आणि मीही मानते. त्यावर 'उडणाऱ्या' आणि 'गळा दाबणाऱ्या' बायांना बजावलं आहे की ज्या घरात मी जातो तिथे तू यायचं नाही.

ब्रिटिश म्युझियममधली पंखांची, पक्ष्याच्या पायांची, दोन्ही बाजूंना घुबडं असलेली ती प्रसिद्ध मूर्ती लिलिथ नाही. इंटरनेटवर ती लिलिथ म्हणूनच फिरते. पण तिच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे आणि हातांत कडं आणि दंड. मेसोपोटेमियात ही देवत्वाची चिन्हं आहेत, भुताला ती कुणी देणार नाही. ती इश्तार देवी किंवा पाताळाची राणी एरेश्किगाल असावी. म्युझियमने 2003 मध्ये ती विकत घेतल्यावर तिला 'रात्रीची राणी' असं मोघम नाव दिलं, ते योग्यच केलं.

आता आदमच्या बायकोच्या गोष्टीकडे येऊ. ती आहे 'बेन सिराची वर्णमाला' या पुस्तकात. पुस्तकाचा सूर उघडउघड टवाळीचा आहे, त्यामुळे त्याला धर्मग्रंथ समजून वाद घालणं मुळातच चूक. गोष्ट अशी : बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाचा मुलगा आजारी पडतो. पुस्तकाचा नायक बेन सिरा एक ताईत लिहितो, त्यावर सेनॉय, सानसेनॉय आणि सेमानगेलोफ या तीन देवदूतांची नावं आणि चित्रं. राजा विचारतो, हे कोण? उत्तरादाखल बेन सिरा सांगतो की देवाने आदमसारखीच मातीतून लिलिथ घडवली. दोघांत भांडण लागलं, खाली कोण निजणार. ती म्हणाली, आपण दोघं एकाच मातीचे, मी का खाली? तिने देवाचं गुप्त नाव उच्चारलं आणि ती उडून गेली. देवाने तीन दूत मागे धाडले. त्यांनी तिला समुद्रात गाठलं. ती परत येईना. रोज आपली शंभर पोरं मरतील हे तिने कबूल केलं, पण परत येणं नाही. ती म्हणाली, तान्ह्या बाळांना दुखवायलाच मी निर्माण झाले आहे, मुलगा असेल तर आठ दिवस आणि मुलगी असेल तर वीस दिवस. पण ताईतावर तुमची नावं किंवा रूपं दिसली, तर त्या बाळाला मी हात लावणार नाही.

लोक भांडणापाशी थांबतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वाक्यापाशी थांबवते. राजाने विचारलं होतं ताईताबद्दल, आणि गोष्ट संपते ती ताईतावर. लग्न, भांडण, पलायन, हे सगळं त्या तीन नावांत एवढी ताकद कुठून आली, ते सांगण्यासाठी आहे. आणि ती नावं पुस्तकाच्या आधीची आहेत, याचा पुरावा आपल्याकडे आहे.

बेन सिराच्या दोनएक शतकं आधीच्या एका अरामी ताईतावर आणि एका वाडग्यावर स्मामित नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिला मुलगे झाले, आणि सिदेरोस नावाच्या दुष्टाने ते सगळे मारले. ती पळाली, डोंगरावर जाऊन घर बांधलं आणि ते बंद करून घेतलं. मग सोनी, सोसोनी आणि स्निगली असे तिघे आले आणि म्हणाले, दार उघड. तिने उघडलं. त्यांच्यासोबत सिदेरोसही आत शिरला आणि त्याने बाळ मारलं. आई किंचाळली. तिघे त्याच्या मागे धावले, त्याला समुद्रात गाठून मारायला निघाले. तेव्हा त्याने शपथ घेतली : जिथे तुमची नावं घेतली जातील तिथे मी मुलाला मारणार नाही.

सोनी, सोसोनी, स्निगली. सेनॉय, सानसेनॉय, सेमानगेलोफ. तेच तिघे, तोच समुद्र, तीच शपथ. आदम नाही, बायको नाही, शय्येवरचं भांडण नाही, लिलिथसुद्धा नाही. आहे ती एकामागून एक मुलं गमावलेली आई आणि तिने स्वतःच्या हाताने उघडलेलं दार. मला विचाराल तर बेन सिराच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी पटीने खरी आणि जड आहे. ती फिरलीही खूप. ग्रीक ख्रिस्ती जगात ती सिसिनियोस या संताच्या नावावर आणि गिल्लो नावाच्या बालघातकी बाईच्या विरुद्ध सांगितली जाते. इथियोपियात बाळंतिणीसाठी लिहिलेल्या चामड्याच्या गुंडाळ्यांवर तो संत सुसेन्योस होतो आणि ती बाई वेर्झेल्या.

मग बायको कुठून आली? बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव स्त्री-पुरुषांना एकदमच निर्माण करतो आणि दुसऱ्यात हव्वा बरगडीतून घडते. दोन वर्णनं जुळत नाहीत, हे जुन्या यहुदी भाष्यकारांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांच्यातल्या काहींनी 'पहिली हव्वा' अशी कल्पना मांडली, जी पुन्हा धुळीला मिळाली. तिला नाव नव्हतं. बेन सिराच्या लेखकाने ते रिकामं आसन आणि ताईतावरची लिलिथ एकत्र आणली. पुढे तेराव्या शतकात स्पेनच्या कॅस्टिल प्रांतातल्या कबाला या यहुदी गूढपंथाच्या लोकांनी तिला सामाएलची, म्हणजे अंधाराच्या बाजूच्या राजाची, राणी केली. आणि 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या यहुदी स्त्रीवाद्यांनी "मी का खाली?" हे वाक्य उचलून तिला आपली केली. तो त्यांचा हक्क आहे आणि वाक्य आहेच तसं. फक्त त्यांची लिलिथ 50 वर्षांची आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

तिच्यासारख्या आणखी कोण, याचं उत्तर झपाट्याने देते. अग्रत बत महलत, म्हणजे महलतची मुलगी अग्रत, तालमूदमध्ये 1,80,000 विध्वंसक दूतांना घेऊन फिरते, म्हणून बुधवारी आणि शब्बाथच्या रात्री एकट्याने बाहेर पडू नये. हनिना बेन दोसा या साध्याभोळ्या संताने तिला वस्तीतून हाकलायला घेतलं, तेव्हा ती गयावया करून त्या दोन रात्री मागून घेते. नामा ही उत्पत्तीत तुबल-काइनची बहीण, एवढंच. मध्ययुगात तिचीही भुतांची आई झाली. ऱ्हाइन नदीकाठच्या यहुद्यांत 'एस्त्री' होती, रक्त पिणारी, केस सोडले की उडणारी. तिला कुणी जखमी केलं, तर त्याच माणसाच्या घरची भाकर आणि मीठ खाल्ल्याशिवाय ती वाचत नसे.

'काली'बद्दल. हे नाव खरंच यादीत आहे. मध्ययुगानंतरच्या ताईतांवर एक गोष्ट येते : एलियाहू संदेष्ट्याला वाटेत लिलिथ भेटते. तो विचारतो, कुठे निघालीस? ती म्हणते, अमक्या बाळंतिणीच्या घरी, तिला झोप द्यायला आणि तिचं मूल न्यायला. तो तिला शाप देतो तेव्हा ती आपली सगळी नावं सांगून टाकते. लिलिथ, अबिती, अबिझू, ओदेम, इक, पुदू, अशी यादी चालते आणि त्यात 'काली' येतं. यातलं अबिझू ग्रीक परंपरेतल्या ओबिझूथशी जुळतं, कारण तिथे काम, प्रसंग, गोष्ट, सगळं जुळतं. काली आणि आपली काली यांच्यात दोन अक्षरांपलीकडे काहीही जुळत नाही. शेकडो वर्षं हातांनी उतरवलेल्या यादीत अक्षरं बदलत जातात. एका आवाजावरून नातं लावायचं म्हटलं, तर जगात कुणीही कुणाचं नातेवाईक निघेल.

महाराष्ट्राशी खरा धागा वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो एलियाहूचा आहे. आपले बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, एलियाहू हन्नावीला फार मानतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण असलेला खडक आहे, तिथे ते जातात, आणि नवस फेडताना, मंगलकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात. बाळंतिणीच्या दाराशी लिलिथला अडवणारा हाच संदेष्टा, आणि यहुदी घरांत सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी वेगळी खुर्ची मांडतात. आणि 1832 मध्ये मुंबईत आलेले, पुण्याचं लाल देऊळ हे यहुदी प्रार्थनामंदिर बांधणारे डेव्हिड ससून यांच्यासारखी बगदादी यहुदी घराणी ज्या भूमीतून आली, तिच्याच मातीतून हे वाडगे निघाले आहेत.

शेवटी हडळ. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, असं आपल्याकडे सांगतात. म्हणजे हडळ ही आधी कुणाची तरी लेक-सून होती. या कसोटीवर लावलं तर ती लिलिथच्या किंवा लमाश्तूच्या जवळची नाही. त्या कधी माणूस नव्हत्याच. हडळ जवळची आहे अर्दत-लिलीच्या, राहून गेलेल्या आयुष्यासाठी परत येणाऱ्या मुलीच्या. लिलिथशी जुळतो तो बाळंतिणीच्या खोलीतला बंदोबस्त. आपल्याकडे उशाशी विळा किंवा सुरी ठेवतात. यहुदी घरांतही लोखंड ठेवत, आणि त्याचं कारण सुंदर द्यायचे : हिब्रूत लोखंड म्हणजे 'बर्झेल', त्याची अक्षरं म्हणजे बिल्हा, राहेल, झिल्पा, लेआ, याकोबाच्या मुलांच्या चौघी आया. सोळाव्या शतकात एलिया लेविता या हिब्रूच्या पंडिताने जर्मन यहुद्यांची रीत नोंदवली आहे : बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतींवर सभोवार रेघ ओढायची आणि प्रत्येक भिंतीवर लिहायचं, 'आदम आणि हव्वा. लिलिथ बाहेर.' इथेही आदमच्या शेजारी नाव हव्वेचंच आहे.

फिलाडेल्फियाला किंवा लंडनला जाणं झालं आणि काचेपलीकडे असा वाडगा दिसला, तर नजर आधी बेड्यांतल्या चित्राकडे जाईल. चित्र बघून झालं की बाजूच्या पाटीवरचं भाषांतर शोधा आणि त्यात बाईचं नाव बघा. अमकी, तमकीची मुलगी. पुष्कळदा त्यापुढे एक गोष्ट जोडलेली असते : तिला झालेल्या आणि अजून व्हायच्या मुलांसाठी.